म्हादूसाठी निवडलेलं पुस्तक

धाकट्या भावाच्या, दत्तूच्या, हळदीच्या दिवशी मी घर सोडलं. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या, माणसं आंब्याचे टहाळे आणायला गेली होती आणि आई मागच्या दाराशी माझ्या गाठोड्याला दुसरी गाठ मारत होती. सुदुंबऱ्याच्या सासरनं मला टाकलं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मूल होत नाही, एवढंच कारण. नवऱ्यानं दुसरी केली आणि मी कान्ह्याला माहेरी परत आले. आता दत्तूच्या होणाऱ्या सासरकडून निरोप आला होता, की टाकलेली बाई हळदीच्या घरात नको, पुढंही नको. आईनं तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला, एक शब्द गाळला नाही. मग म्हणाली, "हळद लागायच्या आत नीघ, अनसे. वाटंत कुणी भेटलं तर कामाला चाललीय म्हण."

काम होतं, हे खरं. आबा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्याच्या बंगल्यांना आंबेमोहोर तांदूळ घालायचे. तिथल्या सुमतीबाई नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेनं बंगल्याच्या व्हरांड्यात बालवाडी काढली होती आणि त्यांना मदतीला बाई हवी होती. आबा स्टेशनापर्यंत माझ्या पुढं चालत गेले, एकदाही मागं न बघता. गाडी हलली तेव्हा गावातनं वाजंत्री सुरू झाल्याचं ऐकू आलं. तुम्हा कान्हेकरांपैकी पुष्कळजण त्या मांडवात होतात. अनसा कुठं गेली, असं कुणी विचारल्याचं पुढं माझ्या कानावर आलं नाही.

लोणावळ्याला माझं काम झाडलोट करायची, नाकं पुसायची आणि पोरांना परसाकडं न्यायचं. हमालांची, बंगल्यांच्या माळ्यांची, रेल्वेतल्या पॉइंट्समनची, चिक्कीच्या भट्टीवर राबणाऱ्या बायांची पोरं. तीन-चार वर्षांची. सुमतीबाई कडक होत्या. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "तुला मूल नाही, ते माझ्या दृष्टीनं बरंच आहे. पोराबाळांच्या बायांचं अर्धं लक्ष घरी असतं." कान्ह्यात याच गोष्टीसाठी मला दारामागं बसवलं होतं, इथं याच गोष्टीसाठी नोकरीवर ठेवलं होतं. रात्री रडले, पण सकाळी वेळेवर उठले.

त्यांच्याकडं चित्रांची पुस्तकं होती. मी चौथी शिकलेली, पण नुसत्या चित्रांचं पुस्तक मी तोवर हातात धरलेलं नव्हतं. वाचायचं काही नाही, मग पुस्तक कशाला, असं वाटायचं. एकदा सुमतीबाईंनी मला ते व्हरांड्यात उघडून बसायला सांगितलं आणि स्वतः काही बोलू नकोस म्हणाल्या. पोरं येऊन चिकटली. ज्या पोरांच्या तोंडातनं दिवसभरात शब्द निघायचा नाही, ती बोट ठेवून बोलायला लागली. तेव्हा मला उमगलं, की पुस्तक वाचायचं नसतं, त्यांना त्यांच्या ओळखीचं काहीतरी भेटवायचं असतं.

वर्षातून एकदा आम्ही पुण्याला अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जायचो. बाई मला शिकवत गेल्या. एका पानावर एकच वस्तू हवी. गाईचे चारही पाय दिसायला हवेत. पानाच्या कडेला एखादा कापला गेला असेल तर पोर पान उलटून मागं पाय शोधतं आणि सापडला नाही की रुसतं. रंगावरनं ओलं बोट फिरवून बघायचं, कारण पोरं पुस्तक आधी तोंडात घालतात. शिवण ताणून बघायची. कागद जाड हवा, नाहीतर लोणावळ्याच्या दमटपणात पानं एकमेकांना चिकटून बुरशी धरतात. एकदा आम्ही आणलेल्या पुस्तकात काळ्या धुराचं आगगाडीचं इंजिन होतं. पॉइंट्समनची मुलगी ते बघून घाबरली. इंजिनाला आग लागलीय म्हणाली. आमच्या घाटात विजेची इंजिनं, तिनं धूर बघितलाच नव्हता. सुमतीबाईंनी ते पुस्तक उचलून ट्रंकेत ठेवलं. पोराला पहिल्याच वर्षी खोटं पाडणारं चित्र नको, एवढंच त्या म्हणाल्या. मला हे काम आवडायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला निवडायला सांगत होतं.

दत्तूला मुलगा झाला ते मला आबांकडनं कळलं. ते तांदूळ घेऊन आले की व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे, चहा घ्यायचे, दोन वाक्यं बोलून जायचे. बारशाचं आमंत्रण आलं नाही, मीही अपेक्षा केली नाही. नाव म्हादू ठेवलं म्हणे. तो चालायला लागला, मग बोलायला लागला, हे सगळं मला त्या पायरीवर कळत गेलं. दत्तूच्या बैलजोडीतल्या एकाचं नाव सर्जा, आणि पोरगं दिसेल त्या बैलाला सर्जा म्हणतं, हे सांगताना आबा हसले. मी त्यांना हसताना फार वर्षांनी बघितलं.

त्या वर्षी पुण्याला गेले तेव्हा मी म्हादूसाठी एक पुस्तक निवडलं. बाई दुकानदाराशी बोलत होत्या तोवर मी ढीगच्या ढीग उपसले. हत्ती-सिंहांची पुस्तकं बाजूला ठेवली, त्यानं ते बघितले नव्हते. एका पुस्तकात बैल फार सुंदर होता पण त्याला वशिंडच नव्हतं, परदेशी चित्रावरनं काढलेला. तेही बाजूला ठेवलं. शेवटी एक सापडलं. बैल, शेळी, कोंबडी, बादली, कंदील, चूल. बैलाला वशिंड होतं, चारही पाय होते, गळ्यात घुंगुरमाळ होती. शिवण ताणून बघितली, ओलं बोट फिरवलं, रंग पक्का होता.

दिवाळीनंतर भाताची कापणी चाललेली असताना मी कान्ह्याला गेले. मुद्दाम तेव्हाच गेले, की भावजय शेतावर असेल. ओसरीत आई होती आणि म्हादू होता. आईनं मला पाणी दिलं, ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पुस्तक उघडून नुसती बसले, बाईंनी शिकवलं होतं तशी, न बोलता. थोड्या वेळानं पोरगं आलं आणि माझ्या मांडीवर असं बसलं जसं रोजच बसतं. बैलावर बोट ठेवून म्हणालं, सर्जा. मग चुलीवर बोट ठेवलं आणि आईकडं बघून म्हणालं, आजी. आईला हसू आलं. ती जवळ सरकली. आम्ही तिघं त्या पुस्तकावर वाकलो होतो. माहेरची म्हणून जी काही आठवण माझ्याकडं आहे, ती या दुपारची आहे.

भावजय भारा टाकून दारात आली. तिनं आधी पोराला ओढलं, मग बोलली. "वन्सं, तुमी काय पायजे ते करा, पर माझ्या पोराला हात लावू नका." मी आईकडं बघितलं. आई उठून चुलीकडं गेली. मी पुस्तक तिथंच ठेवलं आणि निघाले. मागनं म्हादूचं रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. त्याला पुस्तक हवं होतं की मी, कोण जाणे. पुस्तकच असेल.

त्या हिवाळ्यात गावात गोवर आला. तुमच्यातल्या काहींच्या घरातलीही पोरं गेली, मला माहीत आहे. म्हादू गेला. मला ते कळायला महिना लागला, कारण आबा तांदूळ घेऊन येईनात. मग एक दिवस रिकाम्या हातानं आले आणि पायरीवर बसले. चहा घेतला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. पुस्तक पोरानं सोडलंच नव्हतं, जेवताना, झोपताना सोबत. ताप चढला तेव्हाही ते उशाशी होतं. दुसऱ्या दिवशी भावजयीनं आठवण काढली, की वांझ बाई पोराला मांडीवर घेऊन गेली होती. गावातल्या दोघी-तिघी आल्या, त्यांनी मान डोलावली. नजरेची वस्तू पोराच्या डोळ्यांदेखत जाळली तर उतरते, असं ठरलं. पोराच्या हातातनं पुस्तक सोडवायला आईच पुढं झाली. त्यानं ते घट्ट धरलं होतं. आईनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि पुस्तक चुलीत घातलं.

"तापात पोरगं सारखं सर्जा, सर्जा करत हुतं," आबा म्हणाले. "लोकांस्नी वाटलं बैल मागतंय. गोठ्यातनं सर्जाला दाराशी आणून उभा केला. बघंना त्याच्याकडं."

जाताना म्हणाले, "तू आता येऊ नको, अनसे. तिकडं समदी म्हणत्यात, तुझ्यापायीच झालं." त्यांना स्वतःला काय वाटतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर ते फार जगले नाहीत. त्यांच्या दहाव्यालाही मला निरोप नव्हता.

मी सुमतीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीपासून मला पुन्हा पुस्तक घेऊन व्हरांड्यात बसवलं. त्या वेळी मला ते निर्दयपणाचं वाटलं. पोरं मांडीवर यायची आणि मी हात मागं घ्यायची. आपला हात लागला की पोराला काही होतं, हे मलाही अधूनमधून खरं वाटायला लागलं होतं. एखादं पोर दोन दिवस आलं नाही की मी त्याच्या घरापर्यंत जाऊन लांबनं बघून यायची. हे किती दिवस चाललं ते सांगता येणार नाही. पोरं मात्र धडधाकट राहिली, वाढली, शाळेत गेली. त्यांनीच मला त्यातनं बाहेर काढलं, आणि त्यांना ते माहीतही नाही.

सुमतीबाई थकल्या तेव्हा बालवाडी बंद झाली. त्यांनी ओळखीत शब्द टाकला आणि मी देहूरोडला आले. इथं लष्कराच्या डेपोत ड्युटीवर जाणाऱ्यांच्या पोरांची बालवाडी मी चालवते. एक खोली माझी, एक पोरांची. भोंगा झाला की दार उघडायचं, भोंगा झाला की पोरं परत द्यायची. मराठी, पंजाबी, मद्रासी, नेपाळी, सगळी इथं एका सतरंजीवर. एकाच कोंबडीला चार नावं ऐकू येतात, म्हणून मी आता शब्द छापलेली पुस्तकं घेतच नाही. चित्र द्यायचं आणि नाव ज्याचं त्यानं आपल्या घरनं आणायचं. पोरं मला बाई म्हणतात. माझी बोलीही आता धड कान्ह्याची राहिली नाही. 'पुस्तक किधर रखा रे' असं मी सहज म्हणून जाते.

दोन वर्षांपूर्वी दत्तू आईला घेऊन इथं आला. ती सगळं विसरायला लागली होती. पेटती चूल सोडून रानात निघून जायची, घरच्यांना ओळखायची नाही. भावजयीला पुढं तीन मुलं झाली, त्यांच्या संसारात हे जमत नाही, असं दत्तू जमिनीकडं बघत म्हणाला. "थोडं दिस ठेव, अक्का." दारातनंच परत गेला. चहासुद्धा घेतला नाही. पुन्हा आलेला नाही.

आईला मी कोण ते माहीत नाही. ती मला बाय म्हणते, मीही तिला परक्यासारखं अहोजाहो करते. दिवसभर पोरांच्यात बसते, त्यांच्यासारखीच. पहिल्यांदा ती पुस्तकं उलटीसुलटी धरायची. मग मी तिच्यासाठी निवडून द्यायला लागले. पोरांचेच नियम. एका पानावर एकच वस्तू, ओळखीची, मोठी, पूर्ण. तेवढ्यानं ती शांत होते.

मागच्या महिन्यात पोरं घरी गेल्यावर ती अशीच एक पुस्तक घेऊन बसली होती. बादलीचं पान होतं. ती म्हणाली, "आमच्या म्हादूपाशी असलं एक हुतं. त्याच्या आत्यानं आणलेलं."

मी तांदूळ निवडत होते. विचारलं, "मग कुठं गेलं ते?"

"जाळलं मी. तिची नजर लय वाईट, बाय. पोराला ताप भरला हुता." पान उलटून पुन्हा बादलीवर आली. "तुज्या हितं आली तर पोरांस्नी दावू नको तिला."

मी म्हणाले, दाखवणार नाही. मग विचारलं, "पोरगं वाचलं का?"

"वाचलं की. जाळल्या जाळल्या ताप उतरला. आता बाप्या झालाय, बैलं घेऊन जातोय रानात." ती हसली. त्या कापणीच्या दुपारी हसली होती तशी. "मी येळंवर जाळलं म्हणून."

मी ताट खाली ठेवलं. तिला खरं सांगता आलं असतं. तिला ते क्षणभर कळलंही असतं, आणि मग संध्याकाळपर्यंत ती विसरली असती. मी म्हणाले, "बरं केलंत, आई." आणि उठून तिचा भात वाढला.

तुम्ही जे मागं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्ही भेटला की विचारता, घरची आठवण येते का. कान्ह्याचं ते घर आता दत्तूचं आहे. त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. पण आईच्या डोक्यात एक घर आहे. तिथं म्हादू जिवंत आहे, आबा शेतावर आहेत, आणि सगळ्यांचं चांगलं चाललं आहे, कारण मी तिथं येत नाही. मी त्याच घराला घर म्हणते. रोज तिला भरवते, न्हाऊ घालते, तिची वेणी घालते, आणि त्या घराच्या आत पाऊल टाकत नाही.