मी बंद केलेली सूचना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरीही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

मी रायपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमचं संशोधन-नियतकालिक ऑनलाइन निघतं, त्याची संपादक मीच. त्यात एक नवी सोय मी हट्टानं करून घेतली होती — छापलेल्या लेखात काही दुरुस्ती झाली, की नोंदणी केलेल्या प्रत्येक वाचकाला आपोआप सूचनेचा मेल जाईल, आणि जुनी प्रतही नव्या प्रतीशेजारी उघडी राहील. सभांमधून मी ती मिरवायची. चूक लपवायची नाही, म्हणायची.

मग माझ्याच लेखात चूक सापडली. बोअरिंगच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा लेख. दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं — बस, एवढंच. मी आकडा बदलला. जुनी प्रत लपवली. आणि सूचना... ती बंद केली. कोण बघतंय?

पल्लवीनं बघितला होता, जुना आकडा. माझीच विद्यार्थिनी, इथल्याच गुढियारी वस्तीतली, वडील रेल्वेत. पाणी शुद्ध करायच्या तिच्या गाळणीचं सगळं गणित तिनं त्या आकड्यावर उभं केलं होतं. तिचा प्रबंध मी वाचला होता. तो आकडा माझ्या डोळ्यांखालून गेला — आणि मी जाऊ दिला. बोलले असते, तर कारण सांगावं लागलं असतं ना?

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी माझा लेख पडद्यावर उघडला. "ये आँकड़ा आपने अपने मन से लिख दिया क्या?"

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमच्या लेखात हाच होता ना? मले पक्कं आठवते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "उतरवताना चुकली असशील."

प्रबंध परत आला. नव्यानं करायला सांगितलं होतं, पण तिनं केला नाही. आता ती अभनपूरला एका खताच्या दुकानात बिलं बनवते. हुशार पोट्टी होती हो. माझ्याहून हुशार.

पण हेही सगळं नाही. खरं सांगायचं ते पुढेच आहे.

परीक्षेनंतर काही दिवसांनी ती माझ्या खोलीत आली. बस म्हटलं, तर बसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"मॅडम, माझ्यापायी सगळ्यांसमोर तुमच्या लेखावर शंका आली. मीच कुठंतरी चुकली असन. माफ करजा मले."

तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. तिसरं कुणी ऐकायला नव्हतं. तेव्हा तरी?

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नको."

मी तिला माफ केलं.