आत्याबाईंचं धृपद

बेंबळीतल्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळाची एक रीत आहे. पुढची जसं म्हणेल, तसंच मागच्यांनी झेलायचं. पुढची चुकली तर चूकसुद्धा तशीच म्हणायची. पुढं गातात माझ्या सासूबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणते. पेटीवर मी, आणि चाली बांधायची खोडही माझीच.

तेरच्या भजन स्पर्धेसाठी मी देवीच्या एका पदाला नवी चाल बांधली. धृपद तेच, पण कडव्यावरून परतताना त्याचं शेवटचं वळण दरवेळी जरा बदलायचं. नुसतं तेच ते घोळवलं की ऐकणारा जांभया देतो आणि सारखं नवं दिलं की बिथरतो. हे शहाणपण मी भाकरी थापताना आत्याबाईंना ऐकवलं, तर म्हणाल्या, "भाकरी रोज तीच, संगं खायाचं कोरड्यास तेवढं बदलायचं. त्यात काय शिकिवतीस मला!"

पण उन्हाळ्यापासून त्या विसरायला लागल्या होत्या. चहा पिऊन पुन्हा चहा मागायच्या. मी घरात कुणाला बोलले नाही. बोललं की ते खरं होईल, अशी भीती वाटायची.

स्पर्धेत पहिलं कडवं नीट झालं. धृपद झालं. दुसरं कडवं आलंच नाही. त्यांनी पुन्हा धृपदच उचललं. मी पेटीवर कडव्याचा सूर दाबून धरला, डोळ्यांनी खुणावलं. त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि परत धृपद. कधी शेवट वर नेला, कधी मधेच थांबून शब्द लांबवला. यातलं एकही वळण माझं नव्हतं. मागच्या बायका इमानानं झेलत होत्या, मंडपानं टाळ्यांचा ठेका धरला होता. लोकांना ती करामत वाटली. ही बाई कडवं शोधतेय, हे मला एकटीलाच दिसत होतं, आणि घामानं माझी बोटं पेटीवरून घसरत होती.

परीक्षकांनी चालीचं कौतुक केलं. मला नुसतं रडू येत होतं.

परतीच्या एसटीत आत्याबाई म्हणाल्या, "चाल लई ग्वाड हाय. कुणी बांधली गं?"

मी म्हणाले, "तुम्हीच की, आत्याबाई."

त्या खूश झाल्या, खिडकीबाहेर बघत बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा वळल्या. "चाल लई ग्वाड हाय. कुणी बांधली?"

आज घरी सांगायचंच, असं मी मनाशी ठरवलं. मग म्हणाले, "मी बांधली. पण वळणं तुमची."

"व्हय?" त्यांनी माझा हात धरला. "मग मला बी शिकीव की."