विषय क्रमांक अकरा

तोंडावर सगळे तिला नुसतं बाई म्हणत, आणि पाठ वळली की ठरावबाई. सव्वीस वर्षं ती पालिकेच्या सभेत अध्यक्षांच्या डाव्या हाताला, भिंतीला चिकटवलेल्या एका टेबलाशी बसून इतिवृत्त लिहीत आली होती. सभेत जे बोललं जाई त्यातलं लिहिण्यासारखं तेवढं लिहायचं, हे तिचं काम. लिहिण्यासारखं फार थोडं असे, हे वेगळं सांगायला नको.

सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तीनला. म्हणजे कागदावर तीनला. साडेतीनपर्यंत सदस्य जिन्यात फोनवर बोलत उभे राहत, पावणेचारला चहा-बिस्किटं येत, आणि चारच्या सुमाराला अध्यक्ष टेबलावर पेन आपटून सुरुवात करत. मग एकेकाच्या अंगात यायचं. मंडईतल्या गाळ्यांची दारं हिरवी रंगवायची की निळी? बागेतलं कारंजं रोज चालवायचं की फक्त रविवारी? सभागृहातल्या खुर्च्यांना गाद्या कापडी हव्यात की रेक्झिनच्या, यावर एकदा पन्नास मिनिटं काथ्याकूट झाला होता. दोघांनी एकमेकांचा उद्धार केला, एक जण उठून गेला आणि चहा आला म्हणून परत आला. बाईनं ते सगळं एका ओळीत बसवलं: 'चर्चेअंती रेक्झिनच्या गाद्या घेण्याचे एकमताने ठरले.' तिथं सगळं एकमतानंच ठरायचं. कारण साडेपाच वाजले की प्रत्येकाला आपलं घर नाहीतर दुकान आठवे. तोवर सहा विषय उरकलेले असत, अगदीच झालं तर सात. राहिलेल्या विषयांपुढे बाई लिहायची, 'वेळेअभावी पुढील सभेपुढे ठेवावा.'

यातली मेख अशी, की कुठला विषय कितवा घ्यायचा ते बाईच्या हातात होतं. विषयांची यादी तीच करायची, आणि सचिवसाहेब ती न वाचता सही ठोकायचे. त्यामुळे सदस्य तिच्या टेबलाशी येऊन लाडीगोडी लावत, बाई, आमचं तेवढं वर घ्या की. बाई कुणालाही भीक घालत नसे. अर्ज ज्या तारखेला आला त्या क्रमानं विषय येणार, मग तो अध्यक्षांच्या मेव्हण्याचा असो नाहीतर रस्ता झाडणाऱ्याचा. नवीन आलेल्या कारकुनांना ती हेच घोकून घ्यायला लावायची. तिच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, एवढंच होतं.

आणि तरीही एकदा तिला बोल लागला होता. दहा वर्षांपूर्वी तिच्या गल्लीत रस्त्याचा दिवा लागला, अगदी क्रमानं, नियमानं. पण एका सदस्यांनी, ज्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत, त्यांनी भर सभेत हसत हसत म्हटलं होतं की बाईंच्या गल्लीत उजेड बरा लवकर पडला. सगळे हसले. चष्मेवाले घरी पोचेपर्यंत विसरलेही असतील. माणूस वाईट नव्हता, तोंडाचा फटकळ होता इतकंच. बाईला मात्र ते जे लागलं ते लागलंच.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताईनं शिलाई मशीन ओढून ओढून धाकटीला शिकवलं, नोकरीला लागेपर्यंत सांभाळलं आणि त्यात स्वतःचे डोळे घालवले. उजवा पार गेला, डाव्यानं निम्मंशिम्मं दिसे. माझ्याकडे अर्धा डोळा शिल्लक आहे, तो जपून वापरते, असं तीच हसून सांगायची. लग्न दोघींचंही राहून गेलं, आणि त्याबद्दल दोघींनी एकमेकींना कधी अवाक्षर विचारलं नाही.

त्यांचं घर नाल्याच्या पलीकडे होतं. नाल्यावर चिंचोळा सिमेंटचा पूल, समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागे. एका बाजूचा कठडा कधीचा पडला होता. खाली पुरुषभर खोल, पाणी नावाला आणि दगडच जास्त. रोज सकाळी साडेसहाला ताई दुधाची पिशवी आणायला त्यावरून जायची. मी आणते, तू जाऊ नकोस, असं बाई शंभरदा म्हणाली असेल. पण ताईला दिवसभरात स्वतःच्या पायांनी करण्यासारखं तेवढंच काम उरलं होतं, आणि ते ती कुणाला देणार नव्हती.

एक दिवस ताईनं कुणाला न सांगता कठड्यासाठी अर्ज लिहिला. ओळी वरखाली गेलेल्या, पण मजकूर नेमका. पालिकेच्या खिडकीत तो देऊन रीतसर पोच घेतली आणि संध्याकाळी ती धाकटीच्या नाकासमोर नाचवली. म्हणाली, आता मीसुद्धा तुमची अर्जदार झाले, मला अहोजाहो कर.

दुसऱ्या दिवशी बाईनं यादी करायला घेतली. तारखेप्रमाणे ताईचा अर्ज चौथा येत होता. चौथा म्हणजे नक्की होणारा. तिनं पेन्सिलीनं चार आकडा घातलासुद्धा. आणि मग तिला दहा वर्षांपूर्वीचं ते हसणं ऐकू आलं. बाईंनी सख्ख्या बहिणीचा विषय वर घेतला म्हणतील. तिनं चार खोडला आणि अर्ज सगळ्यांच्या शेवटी नेऊन ठेवला, अकरावा.

आता काय म्हणावं अशा माणसाला? दुसऱ्या कुणाचा अर्ज तिनं एका आकड्यानंही खाली सरकवला नसता. तो अन्याय झाला असता. स्वतःच्या बहिणीचा सात आकडे खाली ढकलला, आणि वर त्या रात्री तिला शांत झोप लागली.

अकरावा तो कधी अकराच्या वर सरकलाच नाही. शिल्लक विषय नव्या विषयांच्या खाली घालायचे अशी कचेरीची जुनी पद्धत, आणि नवे दहा विषय दर महिन्याला हटकून असत. कठड्याचं भिजत घोंगडं पडलं. महिन्यामागून महिना बाई आपल्या वळणदार अक्षरात 'वेळेअभावी' लिहीत गेली. मधे एकदा जेवताना ताईनं विचारलं, "माझा नंबर कितवा आहे गं?"

"अकरावा."

"आणि तुमची सभा कितीपर्यंत जाते?"

"सहा. कधीकधी सात."

"मग मला सातच्या आत बसव की."

बाई उखडली. तसं करता येत नाही, नियम असतो, लोक काय म्हणतील, तुला काय कळतंय त्यातलं, असं बरंच काही बोलली. चौथ्या नंबरची गोष्ट तेवढी बोलली नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट उचलता उचलता म्हणाली, "बरं. मग तुझ्या नियमाला सांग, उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर दूध आणायला चल म्हणावं."

अर्जानंतरच्या दहाव्या सभेत गाद्यांचा विषय पुन्हा निघाला, कारण रेक्झिन फाटलं होतं. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी पुलावर समोरून सायकल आली. सायकलवाल्यानं घंटा वाजवली, त्याची काही चूक नव्हती. ताई सवयीनं बाजूला झाली, आणि ज्या बाजूला झाली त्या बाजूला काही नव्हतं. दवाखान्यात ती दोन दिवस होती. बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

लोक घरी येऊन बसून गेले. वय झालं होतं, नजर नव्हती, कशाला जायचं एवढ्या सकाळी, असं जो तो बोलून जायचा. बाईच्या डोक्यात एकच चाललं होतं: चार. पेन्सिलीनं घातलेला आणि खोडलेला चार.

आठवड्यानं ती कामावर गेली आणि यादी करायला बसली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं क्रम मोडला. पहिलाच विषय टाईप केला, 'नाल्यावरील पुलास कठडा बसविणे.' बांधकाम खात्यात स्वतः जाऊन मोजमापाचा कागद आणला आणि जोडला. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. ताई तर गेलीच होती. पण त्या पुलावरून अजून अख्खी वस्ती जात होती, आणि एवढं एक काम झालं तर आपल्याला आरशात बघता येईल असं तिला वाटत होतं. सचिवसाहेबांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

मंगळवारी सभेला सगळे हजर होते. आज जिन्यात कुणी फोनवर बोलत नव्हतं. चहा झाला, अध्यक्षांनी पेन आपटलं, आणि बाईनं मोठ्यानं वाचायला यादी हातात घेतली. तेवढ्यात चष्मेवाले उभे राहिले.

दुखवट्याचा ठराव यादीत नसतो. तो एक नंबरच्याही आधी येतो. आपल्या हातानं असे कितीतरी ठराव लिहिलेल्या बाईच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. चष्मेवाल्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता. ताईंचा चष्मा त्यांच्याच दुकानातला. त्या माउलीनं बाईंना घडवलं आणि बाईंनी ही पालिका सांभाळली, असं ते म्हणाले. म्हणून सभागृहानं दोन मिनिटं उभं राहावं, आणि आजची सभा कुठलंही कामकाज न करता ताईंच्या स्मरणार्थ तहकूब करावी. अध्यक्षांनी तिथल्या तिथं अनुमोदन दिलं. तेही मनापासून. तीच तर पंचाईत होती.

बाई उठून उभी राहिली. सभेत ती कधी बोलत नसे, त्यामुळे सगळे दचकले.

"साहेब, तहकूब करू नका. पहिला विषय तेवढा घ्या. दोन मिनिटांचं काम आहे."

अध्यक्ष गहिवरले. "बाई, आज तुम्ही कामाचं बोलूच नका. किती कराल? आज आम्हाला ताईंपुढे कुठलाही विषय मोठा नाही."

"विषय ताईचाच आहे," बाई म्हणाली. पण खुर्च्या सरकल्या होत्या. सगळे खाली मान घालून उभे होते. अशा वेळी बोलत नाहीत, हे बाईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तीही मान घालून उभी राहिली. समोर टेबलावर यादी होती, त्यातली पहिलीच ओळ तिला दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं पूर्ण झाली. एवढ्यात तो कठडा मंजूर होऊन गेला असता.

सव्वाचारला सभागृह रिकामं झालं. जाताना प्रत्येकानं बाईला दोन शब्द सांगितले. जिन्यात कुणीतरी म्हणालं की आज उजेडी घरी जायला मिळतंय. बाईनं खाली बसून लिहिलं, 'सभा एकमताने तहकूब. सर्व विषय पुढील सभेपुढे ठेवावेत.'

दुखवट्याच्या ठरावाची प्रत मृताच्या घरी पाठवायची असते. तिनं ती टाईप केली, पाकिटावर ताईच्या घरचा म्हणजे स्वतःचाच पत्ता घातला आणि कचेरीच्या टपालात टाकली. म्हातारा शिपाई ती घेऊन तिच्याच टेबलाशी आला आणि म्हणाला, बाई, इथंच सही करा, उगाच हेलपाटा कशाला. ताईच्या अर्जाला पालिकेनं कधी उत्तर दिलं नव्हतं. ताई गेल्याचं पत्र त्याच दिवशी पोचतं झालं.

पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा कठडा एक नंबरला घातला. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सचिवसाहेबांनी यादी वाचली. बाईंची मनःस्थिती ठीक नसेल, एखादी चूक राहायची, म्हणून काळजीनं वाचली. तिला बोलावून समोरच्या खुर्चीत बसवलं. हा अर्ज ज्यांचा, त्या हयात नाहीत, आणि तसं आपल्याच ठरावात लिहिलंय, असं ते म्हणाले. मृताच्या नावानं विषय ठेवला आणि उद्या कुणी हरकत घेतली तर तुमच्यावरच शेकेल. त्यांनी लाल पेनानं ओळ खोडली. नवा अर्ज द्या म्हणाले, लगेच घेतो.

बाईनं तिथंच त्यांच्यासमोर नवा अर्ज लिहिला. अर्जदार म्हणून स्वतःची सही केली. शिक्का बसला, तारीख पडली. तिनं यादी पुढे केली आणि विचारलं, "कितवा घालू?"

साहेबांना वाटलं, बाई परीक्षा बघतायत. ते हसले.

"तारखेप्रमाणेच की. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

बाई जागेवर येऊन बसली. तिनं नवे विषय मोजले. दहा होते. त्यांच्याखाली तिनं कठडा घातला. मग कपाटातून इतिवृत्ताची वही काढली, पुढच्या सभेचं पान उघडलं, आणि अकराव्या विषयापुढचं नेहमीचं वाक्य लिहून टाकलं. सभेला अजून आठ दिवस होते.