चौथीचा चंद्र आणि आमची बैलगाडी

मी जन्मात एकदाच दुर्बिणीला डोळा लावला, आणि त्यापायी आमच्या सबंध वाडीनं माझ्या बायकोच्या शिव्या खाल्ल्या. हात जोडून, रांगेत उभं राहून खाल्ल्या.

माझी बायको सगुणा. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. तिच्याबद्दल गोड गोड लिहा म्हणाल तर ते माझ्याच्यानं होणार नाही. शाळा मी तिसरीत सोडली, आणि गोड बोलायचं तर शिकलोच नाही. पण रिकाम्या घरात आढ्याकडं बघत बसण्यापेक्षा ही गोष्ट लिहिलेली बरी. लिहिताना तरी ती घरात वावरते.

आमचं गाव कशेळ्याच्या अलीकडं, भाताचं. सगुणाचं माहेर चौक गावचं. तिचा धाकटा भाऊ नारायण, म्हणजे आमचा नारू, पुण्याला कॉलेजात होता. त्या काळी आमच्या भागात कॉलेजात जाणारा माणूस म्हणजे दोन डोक्यांचं वासरू! लोक मुद्दाम बघायला यायचे. त्यात या पठ्ठ्यानं विषय कुठला घ्यावा? आकाश! चंद्र, ग्रह, तारे! सासऱ्यांना वाटलं होतं पोरगा वकील होईल, कोर्टात काळा कोट घालून उभा राहील.

"तारे बघाया पुण्याला कशाला जायाचं?" सासरे मला विचारायचे. "आमच्या खळ्यावर तारे नायत?"

"हायत की."

"मंग?"

मी बैलांना वैरण टाकायला उठायचो. शेवटी सासऱ्यांनी पोराला बजावलं, "कॉलेजातलं नाव कटलं की कापणीला माझ्यासंगं शेतात यायाचं. मंग बस तारे बघत."

आणि नाव कटायची वेळ आलीच होती! त्या विषयात म्हणे नुसतं पुस्तक वाचून भागत नाही, प्रॅक्टिकल असतं. दुर्बिणीतून कोवळा चंद्र बघायचा, त्याच्यावरच्या डोंगरांचं सावल्यांसकट चित्र काढायचं आणि सरांना द्यायचं. वर्गातल्या सगळ्यांनी दिलं. नारूची पाळी आली की पुण्यावर ढग! सरांनी शेवटी एक लहान पितळी दुर्बीण त्याच्या हवाली केली आणि सांगितलं, "गणपतीच्या सुट्टीत चित्र काढून आण, नाहीतर वर्गात पाऊल टाकू नकोस." (भर भाद्रपदात आकाश बघायला पोराला घाटाखाली धाडतात! शिकलेली माणसं!)

मी गाडी जुंपून कर्जत स्टेशनावर त्याला आणायला गेलो. दुर्बीण त्यानं तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली होती. तिची तीन पायांची घोडी मात्र मी गाडीत मागं टाकली.

"दाजी, जपून हां. कॉलेजची हाय."

"अरं लाकूड हाय लाकूड! त्याला काय व्हतंय?"

पुढच्याच खड्ड्यात तिचे दोन पाय मोडले. सामानाची नासधूस करायचा पहिला मान माझा. पुढचेही बरेचसे माझेच.

त्यानंतर पाऊस असा लागला की चंद्र सोडा, समोरचा गोठा दिसेना. नारू ओटीवर बसून ढगांकडं बघायचा, आणि सगुणा नारूकडं बघायची. त्याला कॉलेजात धाडा म्हणून बापाशी भांडली होती ती. मला कधी 'अरे' म्हणाली नाही, पण बापाशी भावासाठी भांडली!

गणपती बसले. आरती झाली, मोदक झाले, आणि दिवस मावळताना एकाएकी पाऊस थांबला. आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख! आणि माथेरानच्या डोंगरावर, नुकताच धुऊन वाळत घातल्यासारखा, कोवळा चंद्र!

"दाजी! चंद्र! दाजी, चंद्र!" नारू ओटीवरून अंगणात उडालाच.

आतून खिडकी धाडकन लागली. "खबरदार!" सगुणा ओरडली. "आज चौथ हाय!"

गणेशचौथीचा चंद्र बघितला की चोरीचा खोटा आळ येतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. चुकून दिसलाच तर उतारा एकच. शेजाऱ्याच्या कौलांवर खडा मारायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या पडल्या की आळ टळला.

"ताई, परवा मला परत जायाचं हाय. उद्या पुन्हा ढग आले तर?"

"तर ढगांचं चित्र काढ."

"आबा कापणीला जुंपतील गं मला!"

आत एक भांडं आदळलं. मी संधी साधली. मला नारूनं सांगितलं होतं की या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. मी दाराशी जाऊन म्हणालो, "आगं, यातून चंद्र उलटा दिसतोय. चौथीचा चंद्र असतोय सुलटा. म्हंजे हा तो न्हवंच!"

"आवं, मंग आळ काय उलटा येतोय? ज्याचं हरवलं तोच चोर ठरतोय?" सगुणा म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मी गणपतीपाशी बसलेय. मला काय दिसलं नाय, काय ऐकू आलं नाय. लवकर आटपा."

झालं! आम्ही परसात धावलो. पण घोडी मोडलेली, आणि हातात धरली की दुर्बीण थरथरते. मग माझ्या डोक्यात कल्पना आली. (सगुणा म्हणायची, तुमच्या डोक्यात काही आलं की मी आधी दूध झाकून ठेवते.) बैल सोडलेली गाडी होती ना! तिचं तोंड माथेरानकडं केलं, जुवाकडच्या लांब दांडीवर दुर्बीण सुंभानं आवळून बांधली, आणि मी गाडीत मागं जाऊन बसलो. माझ्या वजनानं दांडी वर! चंद्र खाली उतरला की मी थोडा पुढं सरकायचं, दांडी थोडी खाली. कॉलेजात यासाठी दातांची चाकं असतात म्हणे. इथं मी होतो.

"दाजी, वीतभर पुढं!"

"सरकलो!"

"लई झालं! चार बोटं मागं!"

"आरं, मी माणूस हाय का खिट्टी?"

आणि नारू ओरडला, "मिळाला! दाजी, मिळाला! डोंगर दिसतायत!" आणि कागद गुडघ्यावर घेऊन चित्र काढायला लागला. मी चंद्राकडं पाठ करून बसलो होतो. म्हटलं, निदान घरधनी तरी आळापासून वाचावा.

तेवढ्यात आमच्याकडं गणपतीच्या दर्शनाला शेजारी आले. धोंडूतात्या, अंगानं भाताच्या कणगीएवढे, आणि त्यांची बायको काशीकाकी. मागून अर्धी वाडी. परसात गलका ऐकून सगळे इकडंच!

"काय रं नारू, काय बघतोयस?"

"चंद्र, तात्या."

"आज? आरं बापरे!" असं म्हणून तात्यांनी डोळे मिटले. मग एक उघडला. "उलटा दिसतोय म्हनतोस?"

तात्यांनी बघितलं. काशीकाकीनं बघितलं. "आगं बया! देवीचे वण हायत गं त्याच्या तोंडावर!" जो तो बघायचा, किंचाळायचा आणि पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभा राहायचा. आत गणपती बाप्पा एकटे, आणि उकिरड्याकाठी ही गर्दी! नारू मधेमधे डोळा लावून दोन रेघा ओढायचा. आणि मी, गाडीचा मालक, घराचा धनी, मागं धोंड्यासारखा बसून!

शेवटी राहवेना. "तात्या, वाईच माझ्या जागी बसता का?"

तात्या बसले. दांडी अशी उडाली की दुर्बीण थेट डोक्यावरच्या आभाळात! "तात्या, पुढं! आजून पुढं!" तात्या सरकत सरकत पार चाकांच्या आसापाशी आले, तेव्हा कुठं चंद्र सापडला. मी डोळा लावला.

काय सांगू! मला वाटलं होतं पांढरा तुकडा दिसेल. अहो, ती जमीन होती! चिखलात बैलांचे पाय उमटावेत तसे खड्डे, एकाला लागून एक! आणि जिथं उजेड संपतो, तिथं पलीकडच्या काळोखात उजेडाचे ठिपके. नारू म्हणाला, "दाजी, त्या डोंगरांच्या टोकांवर ऊन पडलंय. खाली आजून उजाडायचं हाय." आणि मला एकदम कळलं! रोज पहाटे मी शेतात उभा असतो, खाली अंधार असतो, आणि माथेरानच्या माथ्यावर आधी ऊन पडतं. अगदी तस्संच!

"तात्या!" मी बोंब ठोकली. "तात्या, तिथं सकाळ व्हतीय! धावा, बघा, धावा!"

आता, ज्या माणसाच्या वजनावर चंद्र टांगला आहे, त्याला 'धावा' म्हणू नये, एवढी अक्कल मला हवी होती.

तात्या धावले. दांडी खाड्कन जमिनीवर! सुंभ तुटला, दुर्बीण उडाली आणि पावसानं तुडुंब भरलेल्या उकिरड्यात गेली. डुब्!

मी कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढली. नळी धड होती, पुढची मोठी काच धड होती. पण डोळ्याकडचं लहान भिंग जागेवर नव्हतं. नारूचा चेहरा पांढरा पडला.

"दाजी, भिंग कुठाय?"

"मला काय म्हाईत?"

"शेवटी तुमीच हात लावला होता."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी काशीकाकीच्या बंद मुठीकडं. मग काशीकाकी किंचाळली, "आला गं बया! चोरीचा आळ आला!"

काय पळापळ झाली म्हणता! जो तो खडे वेचायला लागला. शेजारच्या कौलांवर खडे, त्याच्या शेजारच्या कौलांवर खडे! पण शिव्या द्यायला घरात होतं कोण? सगळी वाडी आमच्या परसात! तात्यांनी माझ्यादेखत माझ्या गोठ्यावर खडा मारला आणि म्हणाले, "हं, दे शिवी."

"तात्या, तुमी वडलांच्या जागी. कशी देऊ?"

"दे रं! जिवावर बेतलंय माझ्या!"

"तुमीच मला द्या की आधी."

"मोदक खाल्लेल्या तोंडानं? सणाचं?"

मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. चंद्र न बघितलेलं आणि घरात असलेलं माणूस वाडीत एकच होतं. आमच्या कौलांवर खड्यांचा पाऊस पडला. एक कौल फुटलं, आणि त्याचा तुकडा आत मोदकांच्या टोपलीत पडला.

सगुणा बाहेर आली. हातात झारा.

"मुडद्यांनो!" ती म्हणाली. मी ऐकतच राहिलो! "तुमचे हात झडले मेल्यांनो! बाप्पा आत एकला बसलाय आन तुमी रेड्यावानी उकिरड्यात लोळताय? तात्या, तुमच्या वजनाला आग लागली! काकी, तुमच्या डोळ्यांत माती पडली! आन तुमी," हे मला, "तुमी टोणगे! खविस! बिनकामाचं जू! तुमच्या गळ्यात माळ घालण्यापरीस मी आडाला घातली असती तर पानी तरी मिळालं असतं!"

लोक आरतीला उभे राहावेत तसे हात जोडून उभे. काशीकाकीच्या डोळ्यांत पाणी. "बरं वाटलं गं बाई," ती म्हणाली. एक जण मागून पळत आला. "वैनी, मी आत्ताच आलो. मला बी एक द्या." त्यालाही मिळाली.

मग सगुणाला नारू दिसला. अर्धं चित्र हातात धरून तो उकिरड्याकाठी बसला होता. चंद्र डोंगरापासून हातभर वर. सगुणानं झारा माझ्याकडं दिला, नवं लुगडं खोचलं आणि चंद्राकडं पाठ करून उकिरड्यात उतरली. किती तरी वेळ चाचपत होती. मग ती उठली आणि मूठ उघडली. भिंग!

तिनं ते पाण्यानं धुतलं, पदरानं पुसलं. गाडीकडं मी पाऊल टाकलं, तसं तिनं नुसतं बघितलं, मी मागं फिरलो. मग तीच कुडाला टेकून उभी राहिली, दुर्बीण खांद्यावर घेतली आणि डोळे गच्च मिटले.

"काढ रं नारू. हालणार नाय मी."

ती खरंच हलली नाही. चंद्र डोंगराला टेकला तेव्हा नारूनं शेवटची रेघ ओढली.

मी म्हणालो, "आगं, आता तरी बघ एकदा. शिव्या मी देतो."

"नगं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "बिनआळाचं कुनीतरी ऱ्हायला नगं का घरात?"

नारूचं नाव कटलं नाही. पुढं तो मास्तर झाला, पोरांना तारे दाखवायला लागला. सरांनी चित्र वाखाणलं म्हणे, फक्त एका डोंगराभोवती लाल गोल काढून विचारलं, हा कुठला? भिंगाला शेणाचा कण राहिला होता. नारू म्हणाला, "आमच्या दाजींचा."

दुर्बीण पुण्याला परत गेली. सगुणाला पुन्हा कधीतरी दाखवू, बिनचौथीचा दाखवू, असं म्हणता म्हणता राहून गेलं. तिथं सकाळ होते, हे तिला मी नुसतं तोंडानंच सांगितलं.

गेल्या चौथीला आकाश उघडलं. मी अंगणात जाऊन मुद्दाम चंद्र बघितला आणि तात्यांच्या नातसुनेच्या कौलांवर खडा टाकला. ती बाहेर आली. म्हणाली, "काय झालं आजोबा? चहा ठेवू का?" चहा! मग घरी येऊन आमच्याच कौलांवर खडा मारला. नेमकं माझ्या अंथरुणावरचं कौल फुटलं, आणि मागोमाग पाऊस. भिजत बसलो आणि स्वतःलाच शिव्या द्यायला लागलो. टोणगा झालं, खविस झालं, पुढं गाडी सरकेना. तिच्या वाणीची धार माझ्यात कुठली यायला!

तेव्हा तो आळ अजून माझ्यावर आहे. तुमचं कोणाचं काही हरवलं असेल, तर ते मीच घेतलंय असं समजा आणि खुशाल भांडायला या. फक्त येताना शिव्या चांगल्या आणा. चहा मी ठेवतो.