कागदी फिल्टर

दादाच्या पिकअपला कोणता एअर फिल्टर बसवायचा हे मी ठरवलं. गाडी त्याची, रस्ता त्याच्या रोजच्या वहिवाटीचा, स्टिअरिंगवर हात त्याचे. ठरवलं मात्र मी, कारण मी शिकलेला होतो.

वरव्याजवळच्या आमच्या बुद्धवाड्यात हा अलिखित कायदा होता. धर्म बदलल्यावर वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि रिकाम्या झालेल्या कोनाड्यात माझी पुस्तकं ठेवली. पत्र आलं की मीच वाचायचं, आणि वाचून झालं की आता काय करायचं तेही मलाच विचारायचं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. एवढ्या मानानं माणूस शहाणा होत नाही, आगाऊ होतो. मी झालो.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. चौथीतच त्याची शाळा सुटली. पुढे तो फौजेत गेला आणि तिथं ड्रायव्हर झाला. फौजेतून सुटून आल्यावर त्यानं पुण्यातल्या एका कंत्राटदाराची जुनी डिझेल पिकअप घेतली आणि वेल्ह्याकडचं भात नसरापूरच्या गिरणीवर आणायला लागला. तो रस्ता दुष्काळी कामावर नुकताच झालेला, नुसता मुरूम टाकलेला, डांबराचं नाव नाही. विंझरच्या अलीकडे एखादी एसटी पुढं असली तर तिच्या धुळीत आपलं बॉनेटही दिसायचं नाही. दुसरे गाडीवाले त्या रस्त्याला यायला कुरकुर करायचे, म्हणून गावोगावचे लोक दादाला पोती द्यायचे. अडला हरी. पोती देता देता म्हणायचे, बघू किती दिवस चालवतोय. आमच्या लोकांतली ही पहिली गाडी होती आणि ती कधी बंद पडते याची वाट बघणारे थोडे नव्हते. दादाला हे माहीत होतं. म्हणून तो त्या गाडीला जपायचा तसा स्वतःच्या जिवालाही जपत नसे.

गाडीला मूळचा तेलाचा फिल्टर होता. लोखंडी डबा, तळाशी तेल, वर तारेची जाळी. इंजिनात जाणारी हवा आधी तेलावरून फिरायची आणि धूळ तेलात बसायची. दर चार दिवसांनी दादा तो डबा उघडायचा, काळा चिखल ओतून टाकायचा, जाळी डिझेलनं धुवायचा, खुणेपर्यंत नवं तेल भरायचा. फौजेत वाळवंटात त्यानं हेच केलं होतं. भात काढायच्या दिवसांत तर तो हे दिवसाआड करायचा. त्याचं काही अडत नव्हतं.

अडत होतं माझं. मी पुण्यात मोटर मेकॅनिकचा कोर्स करून एका मोठ्या गॅरेजात लागलो होतो. तिथं नव्या गाड्यांना कागदी फिल्टर यायचे. सुट्टीला घरी आलो आणि दादाला अंगणात तो चिखल उपसताना पाहिलं, तेव्हा मला लाज वाटली. खरं सांगायचं तर त्याच्या हातांची लाज वाटली. मी त्याला कागदी फिल्टरवर भाषण दिलं. कागद कशी बारीक धूळ धरतो, तेलाचा जमाना कसा गेला, हे सगळं वाड्यातले चारजण ऐकतील अशा आवाजात. माझं म्हणणं पुस्तकाप्रमाणे खोटं नव्हतं. पण पुस्तकातल्या गाडीला तिच्याच मापाचा फिल्टर असतो.

दादाच्या गाडीच्या मापाचा कागदी फिल्टर पुण्यात मिळाला नाही. जो आणला तो दुसऱ्या गाडीचा, बैठकीपेक्षा अंगुळभर लहान. तिथंच थांबायला हवं होतं. पण एवढं बोलून बसलो होतो. मी पत्र्याचा डबा करून घेतला, सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंग कापून फिल्टरखाली घातली आणि नट आवळला. दादानं नुसता हात फिरवला.

"कड हलतीया जरा," तो म्हणाला.

रबर दबलं की बसेल, असं मी सांगितलं. त्यानं कडेवरचा हात काढला. मग म्हणाला, "तू शिकल्याला हाईस. तू म्हंतोस तर ऱ्हाऊ दे."

महिन्याभरानं मी परत आलो तेव्हा नसरापूरला स्टँडजवळ गाडी उभी होती आणि बॉनेटवर तो कागदी फिल्टर उन्हात वाळत घातला होता. दादानं सवयीप्रमाणे तो डिझेलमध्ये धुतला होता. कागद फुगून त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. एवढं भाषण झालं, त्यात कामाचं एक वाक्य राहून गेलं. तरीही मी त्यालाच झापलं. चहाच्या टपरीवरची माणसं हसायला लागली. दादा मान खाली घालून ऐकत होता, फौजेत साहेबाचं ऐकावं तसं. मी तो फिल्टर फेकून दिला आणि पिशवीतला दुसरा नवा बसवला. खाली रिंग तीच, सायकलच्या ट्यूबची.

तो फिल्टर दादानं पुन्हा कधी धुतला नाही. हातही लावला नाही. ठरलेल्या दिवसांनी मीच येऊन बदलायचो, खालची रिंग मात्र कधी काढून बघितली नाही.

चार-पाच महिन्यांत गाडी निळा धूर ओकायला लागली. विंझरच्या चढाला पोती उतरवून ठेवायची पाळी आली. शेवटी भोरच्या मिस्त्रीकडे इंजिन उघडलं. हा मिस्त्री मुसलमान, दादाचा जुना दोस्त, हाताचा सच्चा. त्यानं सिलिंडरच्या आतल्या लायनरवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. धुळीनं इंजिन खाल्लं होतं. तो साबण घेऊन हात धुवायला गेला. दादा बाहेर दगडावर बसला होता. मी एकटाच फिल्टरचा डबा उघडून बघत होतो.

कागद धड होता, कुठं फाटलेला नाही. पण रबराची रिंग उष्णतेनं आखडली होती आणि एका कडेला नख जाईल एवढी फट पडली होती. तिथून आत, इंजिनाच्या नळीपर्यंत, लाल धुळीचा पट्टा गेला होता. बोट लावलं तर पीठ. दादानं हात फिरवला होता तीच कड.

मी खिशातला रुमाल काढला आणि तो पट्टा पुसून टाकला. आजही मला वाटतं की ते मी केलं नाही, माझ्या हातानं केलं. पण हात माझाच होता, आणि पुसून झाल्यावर मी रुमालाची घडी घालून तो आतल्या खिशात ठेवला.

बाहेर आलो तर दादानं विचारलं, "म्या धुतला म्हणून झालं न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

नवं इंजिन परवडणारं नव्हतं, गाडी भंगारात गेली. दादा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि म्हातारा होईतो दुसऱ्याचाच ट्रक चालवत राहिला. किकवीपासून वेल्ह्यापर्यंत ही गोष्ट पसरली होती. रस्त्यात कुणी भेटला की विचारायचा, काय ड्रायव्हर, आज धुणं न्हाई का? दादाही त्यांच्याबरोबर हसायचा. यांना गाडी झेपायची नाही, असं म्हणणारे खरे ठरले. मी त्यांना खरं ठरवलं होतं आणि पुण्याला जाऊन बढती घेत होतो.

मिस्त्रीनं मला एकदाही काही विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यानं मला कधी चहा पाजला नाही.

पुढं आमच्या विहारात दहावी पास झालेल्या पोरांचा सत्कार व्हायला लागला. पाहुणा म्हणून मला बोलवायचे. दादा पहिल्या रांगेत बसायचा आणि एका वर्षी, कुणी सांगितलं नसताना, उठून उभा राहिला. पोरांना म्हणाला, "म्या अडाणी माणूस. ह्यानं मला नीट सांगितल्यालं, म्या ऐकलं न्हाई, माझी गाडी गेली. तुमी शिका. शिकल्याला माणूस फसवत न्हाई."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं, आणि मी उठून शिक्षणाचं महत्त्व या विषयावर बोललो.