हे कोणी शिकवलं?

माझे वडील कवळ्या करायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. द्वारका सर्कलजवळ दाताच्या एका दवाखान्यावर त्यांची खोली होती. आत मेण, प्लास्टर, स्पिरिटचा दिवा आणि गुलाबी अॅक्रिलिकचा डोकं उठवणारा वास. शहरातले डॉक्टर मापं पाठवायचे आणि अण्णा मेणात एकेक दात बसवायचे. मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची वेळ आली, की डॉक्टर त्यांनाच बोलावून घ्यायचे.

तिथे अण्णांची एक रीत होती. "म्हणा आजी, सप्तशृंगी." स, प, त, श, सगळे या एका नावात. पुढचे दात जरा चुकले की स शिट्टी मारायचा. कळवणकडच्या एका आजीने आधी हात जोडले आणि मग म्हणाली, "गडावरची आई हाय ती. तिचं नाव नीट आलं नाय तर काय करायची लय भारी कवळी?" अण्णांनी सुरी तापवून दात केसभर मागे घेतला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर कागद मागायला लागले. कवळ्या करणाऱ्याकडे दोन वर्षांचा डिप्लोमा आणि नोंदणी हवी, हा नियम जुनाच होता. तो आता पाळायची वेळ आली. अण्णा नववी पास, त्यांना कोण प्रवेश देणार? मी नुकतीच बारावी सायन्स झाले होते. "तू कर," अण्णा म्हणाले. "खोली तरी राहील."

अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसून मी शाळेत असतानाच दात लावायला शिकले होते. त्यामुळे कॉलेजात माझा हात सगळ्यांच्या पुढे. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या प्रॅक्टिकलला अण्णा स्कूटरवरून सोडायला आले आणि बाहेर व्हरांड्यात थांबले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मी मेणात लावलेले दात निरखून पाहिले. खूश झाले. "आता सांग, पुढचे दात बरोबर बसलेत की नाही, हे पेशंटकडून कसं तपासायचं?"

पुस्तकातलं उत्तर पाठ होतं: साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावायचे. पण तोंडातून निघालं, "सप्तशृंगी म्हणायला लावायचं, सर."

सगळा हॉल हसला. परीक्षक हसले नाहीत. पेन थांबवून त्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" आज वाटतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कोणी नाही, सर. असंच कुठेतरी ऐकलं होतं."

अण्णांची नोंदणी नव्हती, म्हणून मी त्यांना सांभाळून घेतलं, असं पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते साफ खोटं आहे. पोरं हसत होती आणि मला नववी पास बापाची लाज वाटली, एवढंच. मान वळवली तर अण्णा दारातच उभे होते.

त्यांनी मला स्कूटरवरून घरी आणलं. जेवताना म्हणाले, "बरी झाली ना परीक्षा?"

मी पहिली आले. नोंदणी झाली, पाटीवर माझं नाव लागलं. अण्णा खोलीत प्लास्टर कालवायचे, भांडी धुवायचे. डॉक्टरांनी खाली बोलावलं की म्हणायचे, "तू जा." त्यांच्याशी एकदा बोलायचंय, असं मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं.

वर्षभराने त्र्यंबकेश्वरचे एक आजोबा जिना चढून वर आले. त्यांची कवळी अण्णांनीच केलेली. "अजून भाकरी चावतो हिच्यावर," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "पोरीला तुम्हीच तयार केलं ना?"

"नाही हो," अण्णा म्हणाले. "ती कॉलेजात शिकली. मला काय येतंय तिला शिकवण्यासारखं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी निदान भांडले तरी असते. पण अण्णा ते अगदी साधेपणाने बोलले, आणि बोलून पुन्हा प्लास्टर कालवायला लागले. मी समोरच बसले होते. आजोबा माझ्याकडे बघत होते. मी तेव्हाही गप्प राहिले.

त्याच हिवाळ्यात अण्णा गेले. आपल्याला काही येत नव्हतं, असं समजूनच गेले.