तोलून दिलेलं प्रोटीन

तांब्याच्या तारेचं चार साखळ्यांचं हिमोग्लोबिन. तीन सुतं पिळून केलेलं कोलॅजन. एक्कावन्न मण्यांचं इन्शुलिन आणि पाचशे पंच्याऐंशी मण्यांचं अल्ब्युमिन, एकही मणी कमी नाही. दहावी नापास मी. पुस्तकं वाचून ही प्रोटीनची मॉडेलं स्वतःच्या हातानं केली. गारगोटी-चंदगडच्या शाळांनी बघितलीत.

चार महिन्यांपूर्वी बायकोचे पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. तपासणीत लघवीत अल्ब्युमिन निघालं. मी हिशेब केला, की प्रोटीन बाहेर जातंय तर आत भरायचं. मोठ्या डॉक्टरकडं नेलं नाही. रोज तराजूवर पन्नास ग्रॅम पावडर तोलून दुधातून दिली.

"अवं, मळमळतंय की," ती म्हणायची.

"पी. मला कळतंय त्यातलं."

आज किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. म्हणाले, "किडनीची गाळणी फाटली होती आणि तुम्ही वरून ओतत राहिलात. तेव्हाच आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं." पुढच्या आठवड्यापासून डायलिसिस.

बाहेर बाकावर तीच मला म्हणाली, "वाचूनच केलासा की. वाईट व्हावं म्हणून न्हाय."

मित्रांनो, लघवीला फेस दिसला तर पुस्तक उघडू नका, डॉक्टर गाठा. माझ्यासारखं कुणी शहाणं आहे का तुमच्या घरात?

घरी आलो तर पावडरवाला दुकानदार दारात उभा. "मामा, तुमची मॉडेलं दुकानाच्या काचेत मांडतो. गिऱ्हाइकाला पटतंय."

चाळीस हजार रोख देत होता. नको म्हणालो.